सिग्नल पाळून लॉस सँटोस

यंदा मे महिन्यात आम्ही कुठेच गेलो नाही. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सहा आठवडे घराबाहेर पडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. एसटीत एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस खिडकीत बसून समोरच्या गल्लीतल्या दुचाक्यांना शिव्या घालत होता. चौथ्या दिवशी आईने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "तुझं ते टीव्हीवरचं काहीतरी लाव बाबा, नाहीतर हे मला वेडं करतील."

म्हणून मी त्यांना लॉस सँटोसला फिरवून आणलं.

लॉस सँटोस म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह' या गेममधलं शहर. सप्टेंबर २०१३ मध्ये गेम आला, आणि तेव्हापासून मी तिथे जाऊन-येऊन असतो. लॉस एंजेलिस उचलून थोडं आवळून बसवलंय, नावं तेवढी बदललीत. हॉलिवूडचं व्हाइनवूड केलंय, व्हेनिस बीचचा व्हेस्पुची बीच आणि सँटा मोनिकाच्या धक्क्याचा डेल पेरो पिअर. गेम अर्थात गुन्हेगारीचा आहे, नावातच गाडीचोरी आहे. दहावीत असताना मी सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून याच मालिकेतला जुना 'व्हाइस सिटी' खेळायचो. चीटकोड, म्हणजे टाइप केले की खेळात फुकट फायदा देणारे गुप्त शब्द, भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले. 'पँझर' टाइप केलं की समोर रणगाडा! त्या शहराचा एक रस्ता आज मला आठवत नाही, कारण रस्ते बघितलेच नाहीत. सगळा वेळ रणगाड्यात गेला.

या वेळी म्हटलं, पर्यटकासारखं जाऊ. चोरी नाही, गोळीबार नाही, लाल दिव्याला थांबायचं. व्हेस्पुचीच्या किनाऱ्यावरून निघून उत्तरेला पॅलेटो बेपर्यंत, तिथून पूर्वेकडून वळसा घालून परत. प्रदक्षिणाच.

गाडी फ्रँकलिनची. गेममध्ये तीन नायक आहेत, त्यातला हा सगळ्यात तरुण, आणि त्याच्याकडे 'बफेलो' नावाची स्वतःची पांढरी गाडी आहे, म्हणजे पहिल्याच मिनिटाला नियम मोडायची वेळ येत नाही. मी गाडीच्या आतून दिसणारा कॅमेरा लावला. स्टिअरिंगवर हात दिसतात, काच दिसते, स्पीडचा काटा हलतो. २०१३ च्या मूळ गेममध्ये ही सोय नव्हती, ती पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत आली. माझ्या मते त्यानंतरच हा गेम फिरायला जाण्याच्या लायकीचा झाला.

गाडी रस्त्याला लागली आणि अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, राँग साइड! डावीकडं घे!"

"अण्णा, तुम्ही बसा आधी. अमेरिका आहे, उजवीकडूनच चालवतात."

मग पाच मिनिटं ते उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. ऑपरेशनचा पाय. वळताना इंडिकेटर का देत नाहीस म्हणाले. बाकीच्या गाड्या इंडिकेटर देतात, आपल्याला मात्र ते बटणच नाही, हे सांगितल्यावर त्यांनी गेम बनवणाऱ्यांबद्दल जे मत दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सिग्नलला थांबलो. शेजारच्या गाडीतून गाणं ऐकू येत होतं, फुटपाथवर एक बाई फोनवर कुणाशी तरी भांडत होती. दिवा हिरवा झाला, मी निघायला जरा उशीर केला, तर मागच्याने हॉर्न मारला. अण्णा खूश. "बघ, इथंबी तसलेच!"

शहर सोडून ग्रेट ओशन हायवेला लागलं की खरा प्रवास सुरू होतो. डावीकडे समुद्र, उजवीकडे पिवळट गवताचे डोंगर, मधून वळणं घेत जाणारा रस्ता. चुमाश नावाची समुद्राला टेकलेल्या बंगल्यांची वस्ती लागते, ती म्हणजे मालिबू. तिथे मी गाडी बाजूला घेतली. उन्हं उतरली होती. या गेममध्ये चोवीस तासांचा दिवस आपल्या अठ्ठेचाळीस मिनिटांत उरकतो, त्यामुळे सूर्यास्त बघायचा तर फार रेंगाळून चालत नाही. फ्रँकलिनला खाली उतरवून वाळूकडे न्यायला लागलो, तर अण्णा म्हणाले, "थांब. आवाज ऐक."

मला लाटांशिवाय काही ऐकू येईना. त्यांनी रिमोट घेऊन आवाज वाढवला. फ्रँकलिनला पुन्हा गाडीजवळ न्यायला लावलं, बॉनेटपाशी. तेव्हा ऐकू आलं: टिक... टिक, टिक... टिक. बंद केलेल्या गाडीचं इंजिन थंड होत होतं.

दहा-बारा वर्षं हा गेम खेळतोय, हे मी कधी ऐकलं नव्हतं. अण्णा म्हणाले, महाबळेश्वरची गाडी केळघर घाट चढून वर आली, शेवटचा पॅसेंजर उतरला, की असाच आवाज यायचा. चहा प्यायला जाण्याआधी ते तो ऐकत उभे राहायचे, कारण त्यात काही वेगळं वाजलं तर उतरताना त्रास होणार हे कळायचं. तिकडे समुद्रात सूर्य बुडाला आणि आम्ही दोघं टीव्हीच्या स्पीकरला कान लावून बसलो होतो. आई म्हणाली, "बिघडला का?"

या गेममध्ये असल्या गोष्टी कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्यात. चपला घालून चाललं की तळवा आणि चप्पल वेगवेगळे हलतात. मातीत गाडी घातली की मळते. मला सगळ्यात आवडतो तो रेडिओ. गाडीत बसलं की स्टेशनं बदलता येतात, निवेदक बडबडतात, मध्येच बोगस जाहिराती. रॉकच्या स्टेशनवर तर निवेदक म्हणून केनी लॉगिन्स हा खराखुरा गायक आहे. आणि गप्पांचं स्टेशन शहरात एक लागतं, उत्तरेला ब्लेन काउंटीच्या ग्रामीण भागात दुसरं. तिथले विषय वेगळे, बोलणं वेगळं. रेडिओवरच्या बोलीवरून आपण किती लांब आलो ते कळतं, हे ज्याने सुचवलं त्याने आयुष्यात रात्रीचा प्रवास भरपूर केलेला असणार.

वाटेत फोर्ट झांकुडो हा लष्करी तळ लागतो. आपल्यामागे पोलीस किती जोरात लागलेत ते या गेममध्ये पडद्यावरच्या स्टारवरून कळतं. तळाच्या आत शिरलं की लगेच चार स्टार, म्हणजे सगळं सैन्य मागे. अण्णांनी लांबूनच "नको" म्हटलं. पॅलेटो बे हे उत्तरेचं छोटं गाव. बँक, शेरिफचं ऑफिस, बाकी शुकशुकाट. फार थांबलो नाही, कारण समोर माउंट चिलियाड होता.

चिलियाडची उंची गेममध्ये जेमतेम आठशे मीटर. आपल्या कळसूबाईच्या निम्मी. पण आजूबाजूचं सगळं त्याच्यापेक्षा बुटकं असल्यामुळे तो उगाच भव्य वाटतो. पायथ्यापासून केबल कार आहे, वरच्या स्टेशनच्या भिंतीवर एक चित्र रंगवलंय: डोंगराच्या पोटात फाटे फुटलेल्या रेषा, आणि खाली उडती तबकडी, फुटकं अंडं, पाठीवर जेटपॅक बांधलेला माणूस. त्याचा अर्थ लावण्यात जगभरच्या खेळाडूंनी वर्षं घालवलीत. अण्णांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "वारुळ आहे."

उतरताना पायवाटेने गेलो, ही माझी चूक. नकाशावर लाल ठिपका दिसला आणि मी वळेपर्यंत प्यूमा, म्हणजे तिकडचं मोठं रानमांजर, अंगावर आला होता. फ्रँकलिन गेला. पडदा राखाडी, आणि पुढच्या क्षणी तो दवाखान्याच्या दारात धडधाकट उभा, खात्यातून पाच हजार डॉलर वजा.

"मेलेल्या माणसाचं बिल घेतात?" अण्णांना ऑपरेशनचं बिल आठवलं असावं. ते बराच वेळ त्यावरच बोलत होते.

गाडी डोंगरापलीकडे, आम्ही दवाखान्यात. अशा वेळी या गेमची सगळ्यात मोठी करामत वापरायची. एक बटण दाबून ठेवलं की कॅमेरा थेट ढगांच्या वर जातो, उपग्रहातून दिसावं तसं अख्खं राज्य खाली पसरतं, सरकतो, आणि दुसऱ्या नायकाच्या डोक्यावर येऊन उतरतो. तो काही आपली वाट बघत उभा नसतो. त्याचं त्याचं काहीतरी चालू असतं आणि आपण मध्येच टपकतो. मायकेल बहुधा घरी बायको-पोरांशी वाद घालत असतो. ट्रेव्हरचा नेम नाही. आम्ही उतरलो तेव्हा तो बायकांचा फ्रॉक घालून, दारूच्या नशेत, कुठल्याशा कड्यावर जागा होत होता. आई स्वयंपाकघरात निघून गेली. अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, "ड्रायव्हर बदली झाली म्हणायची."

ट्रेव्हरचा जुना उघडा लाल ट्रक त्यांना बफेलोपेक्षा आवडला. त्यातून आम्ही सँडी शोअर्सला आलो. गंजलेली घरं, उपडी पडलेली होडी, समोर अलामो सी हा खारट तलाव. कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सीवर तो बेतलाय, आणि त्याची गोष्ट मला गेमइतकीच भारी वाटते. १९०५ साली कोलोरॅडो नदीचं पाणी शेतीसाठी काढलेल्या कालव्याचा बांध फोडून वाळवंटातल्या खोलगट भागात शिरलं, आणि जवळपास दोन वर्षं ते कोणाला थांबवता आलं नाही. अपघाताने झालेला तलाव! पुढे १९५० च्या सुमारास तिथे श्रीमंतांची सहलीची ठिकाणं उभी राहिली, मग पाणी खारट होत गेलं, मासे मेले, लोक गेले. त्या तलावाकाठच्या एका वस्तीचं नाव बॉम्बे बीच आहे. हे ऐकून अण्णा पहिल्यांदाच सरसावून बसले आणि विचारलं, "गाडी जाते का तिथपर्यंत?"

रात्री अकराला माउंट गोर्डोवर भूत दिसतं, अकरा ते बारा. आपल्या घड्याळात दोन मिनिटं. आईला मुद्दाम बोलावलं. कड्यावर पांढरी बाई अधांतरी उभी, जवळ गेलं की नाहीशी, आणि खडकावर रक्ताने नवऱ्याचं नाव लिहिलेलं. तोच नवरा गेममध्ये गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा आहे, रस्तोरस्ती त्याची पोस्टरं. आई म्हणाली, "निवडून येईल बघ मेला."

परतीच्या फ्रीवेवर अण्णांनी कंट्रोलर मागितला. सरळ रस्ता होता, मी दिला. वीस सेकंदं गाडी सुरेख चालली, मग एका पोलिसाच्या गाडीला बाजूने घासली. या राज्यात शंभर सिग्नल तोडा, कोणी हू की चू करत नाही, पण पोलिसाच्या पत्र्याला ओरखडा चालत नाही. सायरन सुरू. "थांबव, उतरून बोलू," असं अण्णा म्हणत होते. मी कंट्रोलर हिसकावून ट्रक एका पुलाखाली घातला. छोट्या नकाशावर पोलिसांची नजर कुठपर्यंत पोचते ते शंकूसारखं दिसतं. तो शंकू दोनदा आमच्या नाकासमोरून फिरला. अण्णांनी श्वास रोखून धरलेला. स्टार लुकलुकले आणि विझले.

डेल पेरो पिअरला ट्रक लावला. पाळणा दिव्यांनी झगमगत फिरत होता. अण्णांनी चष्मा पुसला, भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला लावलं आणि विचारलं, "किलोमीटर किती झाले?"

गेम थांबवून आकडेवारीचं पान उघडलं. प्रत्येक नायकाने गाडीने किती अंतर कापलं ते तिथे वेगवेगळं दिसतं. मी फ्रँकलिनचा आणि ट्रेव्हरचा आकडा वाचून दाखवला.

"आणि निघताना किती होते?"

"ते काही बघितलं नव्हतं."

"मग शेवटचा आकडा घेऊन लॉगशीट कशी भरू? दहा वर्षांचं तुझं उंडारणं पण यातच आहे ना सगळं."

काही बोलले नाहीत मग. कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली, उद्याच्या चौकोनात त्यांनी दोन्ही आकडे लिहिले आणि पुढे 'सुरुवात' असं लिहून खाली रेघ मारली.