आमच्या घराचे फॉल्स सीलिंग आणि पाण्याचा हिशेब

सांगलीच्या गावभागातले आमचे जुने घर यंदा दुरुस्तीला काढले, तेव्हा फरशी आणि रंग दोन दिवसांत ठरले. फॉल्स सीलिंगचा निर्णय मात्र महिनाभर रेंगाळला. त्याचे कारण पाणी. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, त्या वेळी आमच्या तळमजल्यातला पंखा पाण्याखाली होता. वरच्या मजल्याला पुराने हात लावला नाही, पण त्याच्या डोक्यावर उघडी गच्ची आहे आणि ती दर पावसाळ्यात कुठे ना कुठे पाझरतेच. त्यामुळे एकाच घरात खालून येणाऱ्या आणि वरून येणाऱ्या अशा दोन्ही पाण्यांचा विचार करणे आम्हाला भाग होते.

वरून येणाऱ्या पाण्याचा धडा आम्ही आधीच घेतला होता. वरच्या निजायच्या खोलीत पूर्वी जिप्सम बोर्डाचे सीलिंग होते. स्लॅबला ओल होती हे ठाऊक असूनही 'आता ती दिसणार नाही' एवढ्याच समाधानावर आम्ही ते करून घेतले, आणि दोन पावसाळ्यांनंतर एका रात्री भिजून जड झालेला बोर्ड कपाटावर कोसळला. दोष बोर्डाचा नव्हता. जिप्समचा गाभा दोन्ही बाजूंच्या कागदाच्या आधाराने ताठ राहतो. सतत ओल लागली की कागद सुटतो, त्यावर बुरशी धरते आणि स्क्रू बोर्डाला पकडून ठेवू शकत नाहीत. बाजारात हिरवट रंगाचा ओलावारोधक बोर्ड मिळतो, पण तो हवेतल्या दमटपणासाठी आणि वाफेसाठी असतो. ठिबकणाऱ्या स्लॅबवरचा तो उपाय नव्हे. विक्रेते हा फरक आपण विचारल्याखेरीज सांगत नाहीत, असा माझा तरी अनुभव आहे.

म्हणून या वेळी आधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग केले, एक पूर्ण पावसाळा जाऊ दिला आणि स्लॅब कोरडा राहिल्याची खात्री झाल्यावरच कारागिराला बोलावले. दिवाणखान्यासाठी पुन्हा साधा 12.5 मिलिमीटर जाडीचा जिप्सम बोर्डच निवडला. सपाट, मोठ्या छतासाठी त्याच्याइतके नेटके काम दुसऱ्या साहित्यात होत नाही. शिवाय जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा त्याच्या स्फटिकांत बांधलेले पाणी असते, आग लागल्यास ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत बोर्ड उष्णता थोपवून धरतो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

पीओपीचा, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचा, पर्यायही समोर होता. ते तापवून बहुतांश पाणी काढून टाकलेले जिप्समच असते. वळणे, नक्षी, कंगोरे यांत ते सरस ठरते आणि काथ्या भिजवून सांधे भरणारे चांगले हात आपल्याकडे अजून आहेत. तथापि काम ओले, घरभर पांढरी धूळ, वाळायला लागणारा वेळ आणि सांध्यांवर पडणाऱ्या बारीक चिरा यांमुळे मी ते टाळले. तीन-तीन पायऱ्यांची, आत रंगीत दिवे लपवलेली सीलिंग मला तशीही आवडत नाहीत. त्या खाचांतली धूळ पुढे कोण काढणार?

बोर्डापेक्षा जास्त लक्ष मी त्यामागच्या सांगाड्याकडे दिले. लाकडी पट्ट्यांना वाळवीची भीती असते, म्हणून जस्ताचा मुलामा असलेले चॅनल घेतले. बोर्ड ज्यांवर बसतो त्या पट्ट्यांतले अंतर दीड फुटापेक्षा जास्त होऊ दिले नाही आणि टांगण्या लाकडी गुट्ट्यांऐवजी धातूच्या फास्टनरने स्लॅबला घट्ट केल्या. पंखा थेट स्लॅबच्या हुकावर टांगला. त्याचा भार सीलिंगवर येता कामा नये. गच्चीखालच्या खोलीत एप्रिलमध्ये भट्टी होते आणि बोर्डाची उष्णता अडवण्याची स्वतःची ताकद बेताचीच असते, त्यामुळे बोर्डामागे रॉकवूलचा, म्हणजे दगड वितळवून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंचा, थर घातला. आमच्या स्लॅबची उंची दहा फूट असल्याने सहा इंच गेले तरी खोली ठेंगणी वाटत नाही. घराण्यातल्या जुन्या वाड्यात सागवानी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे छत, होती. तिची आठवण म्हणून निदान देवघरात तरी लाकूड वापरावे, असे आईचे म्हणणे होते. तिथे समईची ज्योत असते म्हणून मी ते मानले नाही, आणि त्यावरून ती अजूनही थोडी नाराज आहे.

न्हाणीघरात पीव्हीसी या प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या. त्या पाणी पीत नाहीत, पुसता येतात आणि वरचे नळकाम दुरुस्त करायचे झाल्यास काढून पुन्हा बसवता येतात. स्वयंपाकघरात मात्र त्या नकोत, कारण शेगडीच्या उष्णतेने पीव्हीसी मऊ पडते आणि पेटले तर त्याचा धूर घातक असतो. तिथे न जळणारी आणि दमटपणा सोसणारी कॅल्शियम सिलिकेटची टाइल घेतली. ती जड असते, पण खोली लहान असल्याने सांगाडा भक्कम करणे अवघड गेले नाही.

भाच्याच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात दोन फूट बाय दोन फुटांच्या मिनरल फायबर टाइल आहेत. आवाज शोषण्यात त्या चांगल्या, एखादी खराब झाली तर तेवढीच बदलता येते आणि गळती नेमकी कुठे आहे हे डागावरून लगेच कळते. परंतु त्यांच्या सच्छिद्र पृष्ठभागावर हळदीची धूळ अशी बसली आहे की ओल्या फडक्याने पुसायला गेल्यास पिवळेपणा आणखी पसरतो. त्याला मी विनाईलचा थर दिलेल्या जिप्सम टाइल सुचवल्या आहेत. सांगाडा तोच चालेल.

राहिला तळमजला. कारागीर म्हणाला, "काका, खाली पीव्हीसी टाकू, पुरात काही होत नाही." पट्ट्यांना खरेच काही होणार नाही, पण पूर ओसरल्यावर त्यांच्या वर साचलेला गाळ काढायला संपूर्ण सीलिंग उतरवावे लागेल आणि तोवर आतला स्लॅब वाळणार नाही. म्हणून तिथे काहीच लावले नाही. स्लॅबला चुना दिला, वायरिंग उघड्या पाइपातून नेले आणि विजेचे स्विचबोर्ड जिन्याच्या वरच्या टप्प्यावर घेतले.