दुकानावर जाण्याआधी एकदा भेटा : आमची वाटचाल

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विट्यात, खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यात, पोरगा 'दुकानावर गेला' म्हटलं की कसल्या दुकानावर हे कुणी विचारत नाही. सोन्या-चांदीच्या आटणीचं, गलाईचं दुकान, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं. ते कोइमतूरला असेल, कोलकात्याला असेल, केरळातल्या एखाद्या गावी असेल. भाग दुष्काळी, शेतीचा भरवसा नाही, म्हणून इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेली आणि त्यांनी घरं उभी केली. त्या व्यवसायाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दहावीचा निकाल लागला की चुलता किंवा मामा तिकीट काढून तयार असायचा, आणि पोराला काय वाटतं हे विचारायला वेळच उरायचा नाही. ते विचारण्यासाठीच आमचं करिअर मार्गदर्शन केंद्र निघालं.

मी लग्न होऊन इथं आले. मानसशास्त्रात एम.ए. झालं होतं आणि ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. दरवर्षी एकच गोष्ट दिसायची. जूनमध्ये अकरावी सायन्सच्या वर्गात बसायला जागा नसायची आणि दिवाळीनंतर मागची बाकं रिकामी व्हायची. कुणी आर्ट्सला बदली करून घेतलेली, कुणी दुकानावर, कुणी नुसतंच घरी. 'ऐंशी टक्के पडले म्हणून सायन्स घेतलं,' एवढंच कारण बहुतेकांकडे होतं.

२०१२च्या मे महिन्यात पिठाच्या गिरणीवरची एक खोली भाड्याने घेतली. एक टेबल, चार खुर्च्या. फी ३०० रुपये. पहिल्या उन्हाळ्यात १९ मुलं आली, त्यातली ७ माझ्याच कॉलेजातल्या शिक्षकांची.

तेव्हा माझा सगळा भर चाचण्यांवर होता. एका कंपनीकडून संगणकावरची अभिक्षमता चाचणी, म्हणजे मुलाला काय जमेल हे बघणारी, विकत घेतली होती. मूल दीड तास बसायचं आणि रंगीत आलेखांचा जाडजूड अहवाल बाहेर पडायचा. पालकांना तो फार आवडायचा. पण चाचणी इंग्रजीतून होती. मराठी माध्यमाच्या मुलाची भाषिक क्षमता 'कमी' दिसायची, ती भाषेमुळे की खरंच कमी, हे अहवाल सांगत नव्हता. मीही तेव्हा ते ठामपणे विचारलं नाही. दोन वर्षांनी ती चाचणी बंद केली आणि मराठीतल्या कागदी चाचण्यांवर आलो. आज चाचणी घेतो ती बोलणं सुरू करण्यापुरती. तिच्यावरून निर्णय घेत नाही.

बोलण्यातून काय हाती लागतं हे मला एका मुलाने शिकवलं. २०१५ सालची गोष्ट. दहावीला ५८ टक्के. आजोबा घेऊन आले होते, वडील कोइमतूरला. 'मॅडम, ह्याला दुकानावरच धाडायचाय, पण ह्याची आई म्हणती एकदा विचारून बघा.' पोरगा मान खाली घालून बसलेला. चाचणीत काही उठून दिसत नव्हतं. सहज विचारलं, सुट्टीत दुकानावर काय करतोस? आणि तो बोलायला लागला. सोन्यात आधी चांदी मिसळून वितळवतात, मग ते तेजाबात टाकतात. चांदी विरघळते, सोनं तळाशी राहतं. उरलेल्या पाण्यात मीठ टाकलं की चांदी पांढरी होऊन दह्यासारखी खाली बसते. सांगताना त्याचे हात मूस धरल्यासारखे हलत होते. तेजाब म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिड आणि तो पांढरा साका म्हणजे सिल्व्हर क्लोराइड, हे मी त्याला पुस्तक उघडून दाखवलं. त्याने ते पान दोनदा वाचलं. आजोबांनाही वाचून दाखवलं.

त्याने सायन्स घेतलं, गणितात रखडत का होईना बारावी काढली आणि केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं. जून २०२१पासून देशात टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्यांचं हॉलमार्किंग, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, सक्तीचं झालं, तपासणी केंद्रांना माणसं हवी होती. आज तो अशाच एका केंद्रात आहे. क्ष-किरणांनी शुद्धता मोजणाऱ्या एक्सआरएफ मशिनवर दागिना तपासतो आणि अचूक शुद्धता काढायची असेल तेव्हा भट्टीवरची चाचणी करतो. त्यातही सोन्यात चांदी मिसळायची आणि तेजाबात वेगळी करायची, हेच करावं लागतं. त्याच्या आजोबांची विद्या त्याने सोडली नाही.

आता एक चूक सांगते, कारण आमच्या कामाची पद्धत तिच्यामुळे बदलली. एका मुलाला रेल्वेत इंजिन चालवायचं होतं. आम्ही त्याला आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड सुचवला, दोन वर्षांचा. त्याने तो केला, पुढे असिस्टंट लोको पायलटची परीक्षाही पास झाला आणि वैद्यकीय तपासणीत बाद झाला. लाल-हिरवा रंगांधळेपणा. सिग्नल ओळखणाऱ्याला ते चालत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं आणि पहिल्याच भेटीत तपासायला हवं होतं. त्याची आई माझ्यासमोर काही बोलली नाही, नुसती बसून राहिली. पुढच्याच आठवड्यात मी सांगलीला जाऊन रंगांधळेपणा तपासायचं इशिहाराचं पुस्तक आणलं. ते आजही टेबलावर असतं. पहिल्या पानावर ठिपक्यांतला १२ सगळ्यांनाच दिसतो. दुसऱ्या पानावर कुणाला ८ दिसतो, कुणाला ३. ज्याला ३ दिसतो त्याला आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो आणि मगच रेल्वे, मर्चंट नेव्ही, सैन्यदल यांबद्दल बोलतो. तो मुलगा आता महावितरणच्या एका कंत्राटदाराकडे काम करतो. दिवाळीला भेटायला येतो. मी त्याची माफी मागितली आहे.

२०१६मध्ये राज्य सरकारने दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी, म्हणजे कोणत्या क्षेत्राकडे ओढा आहे हे बघणारी, सुरू केली. आमचं काम संपलं, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. झालं उलट. 'गणवेशधारी सेवा' असा कल आला की घरात गोंधळ व्हायचा : म्हणजे पोलीसच का? कल वेगळा आणि क्षमता वेगळी, आवड आहे म्हणून जमेलच असं नाही आणि जमतं म्हणून आवडेलच असं नाही, हे समजावून सांगायला शाळा बोलावू लागल्या. तेव्हा पहिल्यांदा एका सहकाऱ्याला पगारावर घेता आलं.

पैशाचं ओझं मात्र कायम राहिलं. एका खासगी अकॅडमीचा माणूस दर प्रवेशामागे ५,००० रुपये द्यायला तयार होता. त्या महिन्यात गिरणीवाल्या काकांचं तीन महिन्यांचं भाडं थकलेलं. मी नाही म्हटलं. पालक आमच्याकडे फी भरून येतात. त्यांना कुठं पाठवायचं याचे पैसे दुसऱ्याकडून घेणं हा विश्वासघात आहे, आणि आमच्या क्षेत्रात तो उघडपणे चालतो, याची मला चीड आहे. फी आज १,२०० आहे. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून घेत नाही.

२०२१ला करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल ९९.९५ टक्के. अकरावीची सीईटी उच्च न्यायालयाने रद्द केली. त्या वर्षी टक्क्यांवर कुणाचाच विश्वास नव्हता आणि पालक पहिल्यांदाच टक्के सोडून दुसरं काही विचारू लागले. रात्री अकरापर्यंत फोन चालायचे, हैदराबादहून, मदुराईहून.

त्यानंतर आम्ही दहावीऐवजी नववीपासून मुलं घ्यायला लागलो. आता कामाचा मोठा भाग म्हणजे मुलांना कामाच्या जागी नेणं. यंत्रमाग कारखाना, बँक, तहसील कचेरी, गुरांचा दवाखाना. एका मुलीने डॉक्टरच व्हायचं ठरवलं होतं. गुरांच्या दवाखान्यात अडलेली गाय आली आणि डॉक्टरांनी तिला दोरी धरायला सांगितलं. वासरू बाहेर आलं तेव्हा हिचे कपडे भरले होते आणि ती हसत होती. आज ती शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात आहे. प्रवेश वैद्यकीयच्या 'नीट' परीक्षेतूनच होतो, कोर्स इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. यातलं काहीच तिच्या घरी ठाऊक नव्हतं.

कागदपत्रांवरही तितकाच वेळ जातो. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर (त्याची मुदत ३१ मार्चला संपते), उत्पन्नाचा दाखला, शाळेच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे ना. वडील परराज्यात असले की एका सहीसाठी महिना जातो, म्हणून नववीच्या दिवाळीतच यादी देतो. २०२४पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण कागद नसेल तर माफी मिळत नाही. 'मुलीवर एवढा खर्च कशाला' म्हणणाऱ्या दोन घरांत मी हा शासन निर्णय छापून घेऊन गेले. दोघीही आज शिकतायत.

२०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. दहा कॉलेजं भरता येतात आणि पहिल्या पसंतीचं लागलं तर तिथंच घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. जूनमध्ये आमच्या खोलीबाहेर जिन्यापर्यंत रांग होती. आता आम्ही तिघं आहोत. खोली तीच, गिरणीवरची. सकाळी जातं सुरू झालं की टेबल थरथरतं आणि नवीन मूल दचकतं.

येत्या शनिवारी नववीची २२ मुलं वीज उपकेंद्र बघायला जाणार आहेत. परवानगीचं पत्र काल आलं. बूट सगळ्यांकडे आहेत का, हे उद्या बघायचंय.