बोरमाळेतलं बोर

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी एका ताईंनी मला एक स्क्रीनशॉट पाठवला. ऑक्सिडाइज्ड झुमका, वर मोर, खाली तीन लोलक, आणि सोबत मेसेज, "सेम टू सेम असंच पाहिजे". मी करून दिला, त्यांनी स्टेटसला टाकला, मग त्यांच्या नणंदेला पाहिजे, मग शाळेतल्या दोन मॅडमना, मग नवरात्रात नऊ रंगांचे मणी लावून नऊ दिवसांचे सेट, आणि दिवाळी येईपर्यंत मी तो एकच झुमका एकशे दहा जोड्या केला होता. पैसे आले, खोटं कशाला बोलू, त्या पैशांवरच घरातल्या फ्रिजचे हप्ते संपले. पण दिवाळीनंतर एका दुपारी मी टेबलाशी बसले, प्लायर हातात घेतला, समोर मण्यांचे सगळे डबे उघडे, आणि डोक्यात काहीच येईना. म्हणजे अगदी काहीच. हात आपोआप मोराकडेच जायला लागला आणि मला रडायलाच आलं.

धाराशिवमध्ये घराच्या पुढच्या खोलीत माझं काम चालतं, सहा वर्षं झाली. आतापर्यंत ऑर्डर कमी होणं, कच्च्या मालाचे भाव वाढणं, एकदा एका होलसेलवाल्याने पाठवलेल्या अख्ख्या लॉटचं पॉलिश पंधरा दिवसांत उडणं, असलं सगळं बघून झालंय. पण सुचणंच बंद होणं हे पहिल्यांदा झालं, आणि त्याला काय करायचं ते कुणाला विचारायचं तेही कळेना. मैत्रीण म्हणाली ब्रेक घे. पंधरा दिवस घेतला. झोप चांगली झाली, मान दुखायची थांबली, पण सुचायचं काय सुचलं नाही. मग मी तेच केलं जे सगळेच करतात, मोबाईल घेऊन रात्री दोन-दोन तास डिझाइनचे फोटो बघत बसायचं, सेव्ह करायचं, आणि जितकं बघावं तितकं वाटायचं की सगळं जगाने करून ठेवलंय, आता आपण काय करायचं.

मग येळवस आली. आमच्या लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, मार्गशीर्षातली अमावस्या, त्या दिवशी गावं ओस पडतात आणि सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, जेवून माणूस जागचा हलत नाही. जेवण झाल्यावर मी आणि आत्या बांधावरच्या बोरीखाली बसलो होतो. आत्याच्या गळ्यात तिची बोरमाळ. लहानपणापासून बघतेय ती माळ, तिच्या मांडीवर झोपताना गालाला टोचायची. आत्या बोरं वेचत होती, तिने एक माझ्या हातात दिलं, आणि त्याच वेळी ती वाकली तशी माळ पुढे आली आणि बोर आणि मणी एकदम शेजारी शेजारी दिसले.

मी तिला म्हटलं आत्या जरा थांब, अशीच थांब. गावरान बोर कसं असतं बघा, पूर्ण गोल नसतं, जरासं लांबट, देठाकडे किंचित दबलेलं. तो मणी पण तसाच. कुणीतरी सोनार कधीकाळी असाच बोरीखाली बसला असेल. बोराएवढा भरीव मणी केला तर सोनं किती लागेल, कुणाला परवडेल, म्हणून आत पोकळ मणी आणि त्यात लाख भरलेली. दिसायला भरगच्च, वजनाला हलका, आणि शेतकऱ्याच्या बायकोला घेता येईल असा. सहा वर्षं मी या धंद्यात, "बोरमाळ" हा शब्द दिवसातून चारदा बोलते, आणि त्या शब्दात बोर आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं.

आत्या म्हणाली, "काय बघायलीस गं एवढं टक लावून, घालायची का तुला?" मग तिनेच सांगायला सुरुवात केली, तुझ्या आजीची जोंधळी पोत होती, दुष्काळात मोडली. जोंधळी पोत म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याएवढे सोन्याचे मणी. जवमाळ म्हणजे जवाचे दाणे. बकुळीहार म्हणजे बकुळीची फुलं. म्हणजे आपल्या बायकांच्या गळ्यात अख्खं शेत आणि परसदार होतं, आणि मी दिल्लीच्या सदर बाजारातून आलेल्या मोरावर लोलक लावत बसले होते. (त्या मोराचा राग नाही हं, त्याने फ्रिज दिलाय.)

परत येताना हरभऱ्याच्या रानातून आलो. घाटे धरायला लागले होते. एक तोडून हातात घेतला, फुगीर पोट, खाली टोक, आणि वर देठाशी ती हिरवी पाच टोकांची टोपी. आणि मला एकदम कळलं की आम्ही ज्याला बीड कॅप म्हणतो ना, मण्याच्या डोक्यावर बसवायची पितळी वाटी, शंभराच्या पाकिटाने आणते मी, ती म्हणजे हीच टोपी आहे. कुठल्या फुलाची, कुठल्या फळाची, कुणी पहिल्यांदा बघून केली काय माहीत. पण मी ती हजारो मण्यांवर लावली आणि ती काय आहे ते मला त्या बांधावर कळलं.

जानेवारीत मी तेरला गेले. धाराशिवपासून पाऊण तास, आणि इतक्या वर्षांत मी फक्त गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेले होते, म्युझियममध्ये एकदाच शाळेच्या सहलीत. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंवर ते उभं राहिलंय. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की पैठणहून ऑनिक्सचे दगड आणि तगरहून कापड गाड्यांतून भडोच बंदरात यायचं, तिथून पुढे जहाजाने. म्हणजे आमच्या भागातून दागिन्याचा दगड तेव्हाही एक्स्पोर्ट होत होता, हे वाचून मला उगाच फार भारी वाटलं.

इटलीतल्या पॉम्पेईची गोष्ट पण सांगायलाच पाहिजे. इसवी सन ७९ मध्ये ते शहर ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, आणि १९३८ मध्ये तिथे खणताना एक हस्तिदंताची छोटी बाई सापडली, भारतातून गेलेली. अंगावर कपडे जवळपास नाहीत पण हातात मनगटापासून वरपर्यंत बांगड्याच बांगड्या, पायात तसेच वाळे. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती तेरला सापडलीय आणि जालन्याकडे भोकरदनला पण. आमच्या इकडच्या तांड्यावरच्या बंजारा आजीचे हात आठवा, चुड्याने भरलेले. मी तेरच्या त्या मूर्तीकडे बघत असताना मला त्या आज्याच दिसत होत्या.

पण मला हलवलं ते एका वेगळ्याच गोष्टीने. सातवाहन काळातल्या गावांत, तेरला सुद्धा, मातीची पदकं सापडतात. रोमन नाण्यांची नक्कल केलेली. म्हणजे व्यापारात सोन्याचांदीचं नाणं आलं, कुणाच्या तरी गळ्यात दिसलं, आणि इथल्या कुणीतरी म्हटलं असेल मला पण पाहिजे, सेम टू सेम. आता सोनं कुठून आणायचं? मग साच्यात माती दाबली, राजाचा चेहरा उमटवला, वर ओवायला भोक ठेवलं, भाजलं, झालं पदक. मी विचार करत राहिले की हा पण माझ्यासारखाच स्क्रीनशॉट आला होता कुणाकडे. त्याने पण नक्कलच केली. पण त्याच्याकडे माती होती म्हणून त्याला ते मातीत बसवावं लागलं, आणि बसवताना भोक कुठं पाडायचं, जाड किती ठेवायचं, तुटणार नाही असं कसं करायचं हे सगळं त्याचं त्यालाच सोडवावं लागलं, त्यातून ती वस्तू त्याची झाली. मी एकशे दहा झुमक्यांत काहीच सोडवलं नव्हतं. तयार मोर, तयार लोलक, तयार हूक, फक्त कड्या जोडल्या. नक्कल केली म्हणून माझं डोकं आटलं नव्हतं, हाताला काही अडलंच नाही म्हणून आटलं होतं असं माझं आता पक्कं मत आहे.

तर मी ठरवलं, हरभऱ्याचा घाटा करायचा, मातीत. तेरमधल्याच एका कुंभारकाकांकडे गेले. त्यांनी माती दिली, मी ती फडक्यातून गाळली, मळली, घाटे घडवले, खराट्याच्या काडीने भोकं पाडली आणि घाई म्हणून फॅनखाली वाळवले. काकांच्या आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीत, एका मडक्यात घालून ठेवले. चाळीस घाटे होते. बाहेर निघाले तेव्हा धड अकरा. काही फुटून चूर, आतला ओलावा गेला नव्हता, त्याची वाफ झाली आणि मणी फोडून बाहेर आली. काहींना केसाएवढ्या चिरा. आणि जे अकरा धड होते त्यातल्या सातांत दोराच जाईना. काका हसले नाहीत, मला ते फार बरं वाटलं. एक घाटा उचलून नखाने टकटक केलं, कानाशी धरलं आणि म्हणाले, "माय, माती आकसती. वाळताना आकसती, भाजताना अजून आकसती. भोक मोठं ठिव. आन सावलीत वाळव, आठ दिस लागू दे." गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं म्हणतात, त्याच गावात माझा घाटा कच्चा निघाला.

दुसऱ्या खेपेला चाळीसातले एकतीस आले. तिसऱ्या खेपेला काकांनी सांगितलं म्हणून मडक्यात भुसा भरून तोंड लिंपून ठेवलं, आत हवा जात नाही, धूर कोंडतो आणि माती लालच्या ऐवजी काळी होते. काळाभोर घाटा, वर पितळी टोपी. तो पहिला सेट हातात घेतला तेव्हा मला परत रडायला आलं, पण हे वेगळं.

विकला का? सुरुवातीला नाही. दीड महिना एकही नाही, लोक म्हणायचे छान आहे आणि मोराचा झुमका घेऊन जायचे. मग एका बाईंनी घेतला, त्यांच्या शेतात हरभरा असतो म्हणून, दुसरं काही कारण नाही. आता महिन्याला दहा-बारा जातात. तेवढ्यावर घर चालणार नाही, झुमके करावेच लागतात आणि मी ते मनापासून करते, कारण ज्या बाईने स्क्रीनशॉट पाठवलाय तिला तो खरंच आवडलेला असतो. फक्त आता मी तिला विचारते, तुमच्या घरात आजीचं, सासूबाईंचं काही जुनं आहे का, फोटो पाठवाल का. दहातल्या दोघी-तिघी पाठवतात. एकीने तुटलेली बुगडी पाठवली, एकीने नुसती आठवण पाठवली की आजीच्या पाटल्यांवर काय नक्षी होती. त्यातून जे होतं ते सेम टू सेम नसतं, आणि तक्रार अजून कुणी केली नाही.

मंगळवारी मी ऑर्डर करत नाही. देवीचा वार, तेवढा एक दिवस हाताचा. त्या दिवशी उरलेसुरले मणी टाकायचा जो पार्लेच्या बिस्किटांचा जुना डबा आहे तोच फक्त उघडायचा, नवीन काही आणायचं नाही, आणि जे होईल त्याचा फोटो काढायचा नाही. फोटोचं मुद्दाम सांगते, कारण फोटो काढायचा म्हटलं की आपण लोकांना काय आवडेल ते करायला लागतो. मोबाईल त्या दिवशी दुसऱ्या खोलीत. आणि सुचलं नाही तर मणी रंगाप्रमाणे वेगळे करत बसायचं, दोन तास गेले तरी चालतील. बऱ्याचदा त्यातच दोन रंग शेजारी येतात आणि काम सुरू होतं, नाही आलं तर डबा तरी आवरतो.

गेल्या मंगळवारी एक आराधी मावशी, म्हणजे तुळजाभवानीची आराधना करणाऱ्या, आल्या होत्या. गळ्यातली कवड्यांची माळ तुटली होती, कुणीतरी सांगितलं म्हणे ती पोरगी मणी ओवती. पदरात कवड्या बांधून आणल्या होत्या. मी म्हटलं मावशी आज मी काम घेत नाही, आणि मग त्यांनी पदर सोडला आणि मी गप्पच बसले. कवडीची पाठ घासून पाडलेलं भोक, त्याची कड इतकी गुळगुळीत झालेली की बोट फिरवलं तर लोणी, कडांवर हळद मुरून पिवळी झालेली. समुद्र आमच्यापासून किती लांब. मावशींनी सांगितलं माळ त्यांच्या सासूची, तिच्या आधी तिच्या सासूची, तुळजापूरला घातलेली. त्या बसून होत्या आणि मला गाठ कशी मारायची ते दाखवत होत्या, एका कवडीनंतर एक गाठ, म्हणजे दोरा तुटला तरी सगळ्या सांडत नाहीत. "ह्या बारीला गाठी मारल्याच नव्हत्या कुणी, म्हणून सांडली बघ."

ओवून झाल्यावर मोजल्या तर तीन कमी भरल्या. कुठं पडल्या असतील काय माहीत. नवीन कवड्या घातल्या तर पांढऱ्याशुभ्र दिसतील, मावशी म्हणाल्या दिसू दे, होतील पिवळ्या. शुक्रवारी तुळजापूरला जाऊन आणते म्हटलंय त्यांना. माळ तोवर माझ्याकडेच आहे, टेबलावर, तीन कवड्यांची जागा सोडून.