पहाटे सेल्फ उचलत नाही तेव्हा

डिसेंबर लागला की परभणीकडे पारा दहाच्या खाली येतो आणि पहाटे मोंढ्याला निघणाऱ्या गाड्यांची एकच तक्रार सुरू होते: सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर, उचलत नाही. तीच गाडी अकरा वाजता गॅरेजला नेली तर पहिल्या चावीत सुरू. मग अंदाजाने सेल्फ बदलला जातो आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. आपल्याकडची सात-आठ अंशांची थंडी धडधाकट सेल्फला अडवत नाही. आधीपासून असलेला दोष ती उघडा पाडते, आणि तो बहुतेक वेळा बॅटरीत नाहीतर तारांच्या जोडात असतो. म्हणून मोजल्याशिवाय सेल्फ उतरवू नका, आणि मोजायचं ते पहाटेच, पहिली चावी फिरवण्याआधी.

सुरुवात कानापासून. हेडलाईट लावा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि चावी फिरवा. भराभर टकटक होऊन लाईट मालवत असेल तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ठसठशीत 'टक्क' आणि लाईट लख्खच राहिला, तर सोलेनाईडचे (सेल्फवरच्या चुंबकी स्विचचे) कॉन्टॅक्ट नाहीतर कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे घासते तुकडे) खराब. आवाजच नसेल तर की-स्विच, रिले, फ्यूज बघा. बऱ्याच नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ मारत नाहीत, तिथे पेडलवरचा छोटा स्विचही तपासा. सेल्फ घर्रकन मोकळाच फिरतो आणि इंजिन जागचं हलत नाही, तेव्हा बेंडेक्स (सेल्फला इंजिनशी जोडणारं दातेरी चाक) घसरतोय किंवा जुनं ग्रीस थंडीत घट्ट झालंय. करकर आवाज म्हणजे इंजिनच्या फ्लायव्हीलवरच्या रिंगचे दात झिजलेत.

सगळ्यात जास्त गाड्यांचं दुखणं मात्र वेगळं: इंजिन फिरतं, पण रडत रडत. इथे बॅटरीपासून निघायचं.

बॅटरीचं खरं नुकसान आपल्याकडे मे महिन्यातच झालेलं असतं. ४२-४३ अंशांत आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात, तरी उन्हाळ्यात गाडी सुरू होत राहते कारण इंजिन ऑइल पातळ असतं. थंडीत दोन्ही बाजूंनी ताण येतो. ऑइल घट्ट होतं, आणि बॅटरीची ताकदही घटते. शून्य अंशाला ती साधारण पाचव्या हिश्श्याने कमी भरते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टीमीटरवर १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या आसपास असेल तर आधी चार्जिंग, बाकी तपासणी नंतर. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) घाला. पूर्ण चार्जला १.२६ ते १.२८ यायला हवं. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने खाली असेल तर ती बॅटरी गेलीच समजा, कितीही चार्ज करा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळलं तरी संशय बॅटरीवरच. गाडी सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसलं नाही तर अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा) बघा.

आठ-दहा दिवस शेतातल्या आखाड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर चोरटा करंटही मोजा. सगळं बंद करून, लॉक करून अर्धा तास थांबायचं आणि निगेटिव्हच्या तारेत मीटर जोडायचा. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर बहुधा मागून बसवलेला टेप किंवा जीपीएस बॅटरी खातोय.

बॅटरी चांगली निघाली तर आता तारा. ही तपासणी बहुतेक ठिकाणी होतच नाही, आणि मला हीच सगळ्यात मोलाची वाटते. डिझेल गाडीचा सेल्फ २०० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. जोडात फक्त ०.००५ ओहम अडथळा असला तरी तिथे १ व्होल्ट जळतो. एवढासा ओहम साध्या मीटरला दिसत नाही, म्हणून तार ओहमवर 'ओके' येते आणि माणूस फसतो. मोजायचं ते सेल्फ चालू असताना, व्होल्टवर. पेट्रोल गाडीच्या फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन पकडणार नाही. मीटरची लाल पिन बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर टेकवा, क्लॅम्पवर नव्हे. काळी पिन सेल्फच्या जाड बोल्टवर. दुसऱ्याला चावी मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. मग निगेटिव्ह पोस्ट ते इंजिनचा उघडा धातू: इथे ०.२ ते ०.३ च्या वर नको.

आपल्याकडे हा दुसरा आकडाच जास्त बिघडलेला सापडतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल इंजिनच्या अर्थ पट्टीवर (इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या तारेवर) बसतो, वाळतो आणि बोल्टखाली गंज धरतो. पट्टी वरून धड दिसते. बोल्ट सोडवून खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट कसा आणि वरून ग्रीस लावा. टर्मिनलचंही तसंच: आधी निगेटिव्ह सोडा, खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने पांढरी-हिरवी बुरशी धुवा, क्लॅम्पची आतली बाजूही घासा.

एवढं करूनही 'टक्क' वरच अडलं, तर टेस्ट लॅम्प सेल्फच्या बारीक तारेवर लावा. चावी फिरवल्यावर तो जोरात पेटला आणि सेल्फ गप्प राहिला, तरच सेल्फ उतरवा. सोलेनाईडचं झाकण उघडलं की आत तांब्याचे दोन बोल्ट दिसतात आणि प्लंजरवरची (सरकत्या दांड्यावरची) तांब्याची चकती. चांगल्या तांब्याचा पृष्ठ सपाट असतो. खराब झालेल्याची एक कड चंद्रकोरीसारखी खाल्लेली, काळी, खडबडीत. चकती उलटी बसत असेल तर तात्पुरतं भागतं, पण कॉन्टॅक्टचा संच बदललेला बरा. कार्बन झिजून स्प्रिंगची पकड सुटली असेल, कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) काळा पडला असेल, तर तेही याच वेळी उरकून घ्या. बुश (धुरा टेकवणारी कडी) झिजलं की आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) बाजूला घासतं. असा सेल्फ करंट भरपूर ओढतो, तरी हळूच फिरतो. सेल्फवर पान्याने ठोकल्यावर गाडी सुरू होत असेल तर कार्बन अडकतायत, एवढाच त्याचा अर्थ. ठोकत राहून वर्ष काढू नका.

डिझेल पिकअप जोरात फिरते पण पांढरा धूर टाकते आणि पकडत नाही, तेव्हा सेल्फला हात लावू नका. हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन आतून तापवणारे) बघा. तार सोडून प्लगच्या टोकापासून बॉडीपर्यंत ओहम मोजा. साधारण दोनच्या आत हवा. अनंत दाखवला तर प्लग तुटलेला.

तपासताना एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर चांगला सेल्फही तापून जातो. गॅरेजवालाच करणार असेल तर गाडी रात्रीच तिथे उघड्यावर लावून या आणि सांगा, सकाळी मीटर लावल्याशिवाय चावी फिरवायची नाही.