लाईट गेली तरी पोरगी वाचतच होती

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जाईना म्हणून लिहून काढतोय.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. पहिली ते चौथी, आम्ही दोघं शिक्षक. दिवाळी झाली की ऊसतोडीपायी आमचं गाव अर्धं रिकामं होतं. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारीचं पोतं, कोंबड्या सगळं भरून जे निघतात ते पाडव्याच्या आसपास परत. आधी लेकरंपण सोबत उसाच्या फडावर जायची, आता हंगामी वसतिगृहाच्या योजनेमुळं बरीच मागं राहतात. त्यामुळं चार-पाच महिने माझ्यासाठी पालक म्हणजे गावातल्या आज्या.

आणि इथंच आमच्या पालक सभेची गाडी अडते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, त्याच्या कलम २१ प्रमाणं शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया पाहिजेत. कागदावर आमची समिती एकदम बरोबर आहे. पण बाईच्या जागी तिचा नवरा येऊन बसतो, आणि नवरा-बायको दोघंही तोडीला गेले की कोणीच नाही. मग प्रोसिडिंग रजिस्टर, म्हणजे सभेची नोंदवही बगलेत अन् स्टॅम्प पॅड खिशात घेऊन मी स्वतः गल्लीगल्लीनं अंगठे घेत फिरलोय, कितीतरी वर्षं. वर फोटो पाठवायचा असतो, बॅनरसकट. सभेत कोण काय बोललं हे मला आजपर्यंत वरून एकानंही विचारलेलं नाही.

आमचे बरेच शिक्षक बांधव म्हणतात पालकांना काही देणंघेणंच नाही. मला हे अजिबात पटत नाही. सभा ठेवायची सकाळी अकराला, तीही कापूस वेचणीच्या दिवसात. वेचणीची मजुरी किलोवर असते, सकाळची वेळ मोडली की त्या बाईचा दिवसच गेला. बरं ती आली तरी तिला ऐकायला काय मिळतं, आधार अपडेट करा, बँक खातं जोडा, लेकराला रोज पाठवा. तिला कोणी काही विचारतच नाही.

म्हणून यावेळी सभा रात्री आठला मारुतीच्या पारावर ठेवली. घरोघर जाऊन सांगितलं, वर्गणी मागणार नाही, अंगठा मागणार नाही, तुमच्या लेकराबद्दल जे विचारायचं ते विचारायला या. वीसेक जणं आली, त्यात पंधरा तरी आज्या, डोक्यावर पदर, काहींच्या मांडीवर धाकटी नातवंडं झोपलेली.

पहिली दहा मिनिटं मीच बोलत होतो, गणवेश, पोषण आहार, नेहमीचंच. तेवढ्यात मागून एक आजी म्हणल्या, "गुरुजी, एक इचारू का? राग नका धरू."

"विचारा ना आजी."

"परवा रातच्याला मी भांडे घासीत व्हते अन् पोरगी दारात बल्बाखाली धडा वाचीत व्हती. मधीच लाईट गेली. अंधार गुडूप. तरी बी ती वाचतच व्हती, कुठं अडली न्हाई. आता मला अडाणीला सांगा, अंधारात अक्षर दिसतंय का?"

दोघं-तिघं हसले. मला हसू आलं नाही, माझ्या पोटात खड्डा पडला.

ती पोरगी तिसरीत. वर्गात वाचायला सांगितलं की पहिला हात तिचा, धडाधडा वाचायची. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ ला सुरू झालं, तिसरीपर्यंतच्या प्रत्येक लेकराला समजून वाचता आलं पाहिजे हे त्याचं ध्येय, त्यासाठी आम्ही वाचन चाचण्या घेतो, आणि तिच्या नावापुढं 'वाचते' अशी खूण मी माझ्या हातानं केली होती.

दुसऱ्या दिवशी तिला शेजारी बसवलं. कोऱ्या कागदाला एक शब्द दिसेल एवढं भोक पाडलं आणि धड्याच्या पानावर मधेच कुठंतरी ठेवलं. भोकातून फक्त 'चिखल' दिसत होतं. तिनं शब्दाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं, मग कागद उचलायला गेली. मी म्हणलो असू दे, असंच वाच. तर ती ओठातल्या ओठात धडा पहिल्यापासून म्हणायला लागली, एकेका शब्दाला बोट कागदावरून पुढं सरकवत, म्हणजे मोजत मोजत भोकापर्यंत पोचायचा प्रयत्न. एवढी हुशार पोरगी आणि तिची सगळी हुशारी आपल्याला वाचता येत नाही हे लपवण्यात खर्च होत होती.

असं का होतं हे आम्हाला माहीत असायला पाहिजे. दोन-दोन वर्ग एकत्र बसवून सामूहिक वाचन घेतलं की चार लेकरं वाचतात आणि बाकीची त्यांच्यामागून म्हणतात, ज्याची आठवण चांगली त्याचा आख्खा धडा पाठ होतो. चाचणी घ्यायची असते ती न पाहिलेल्या उताऱ्यावर. मला हे चांगलं माहीत होतं, पण माहिती भरायच्या गडबडीत मी पुस्तकातलाच धडा दिला, तोही तिला सगळ्यात जास्त येणारा.

मग तिसरी-चौथीच्या सोळाही जणांना तो कागद लावून बघितला. असे पाठ म्हणणारे पाच निघाले. पाच.

पुढच्या सभेत, पुन्हा रात्रीच, प्रत्येक घरी एकेक भोकाचा कागद दिला. आज्यांना सांगितलं, तुम्हाला वाचता यायची गरज नाही. कागद कुठंही ठेवा, लेकरू लगेच बोललं तर ठीक, पहिल्यापासून म्हणायला लागलं तर मला येऊन सांगा. एका आजीनं विचारलं, "अन् चुकीचं सांगितलं तर आमाला कसं कळंल?" मी म्हणलो तोच शब्द दोन ओळी सोडून परत कुठं असंल तिथं कागद ठेवा, दोन्हीकडं एकच बोलतंय का बघा. शब्द सारखा दिसतो का हे तर डोळ्याला कळतं. तेव्हापासून सभेत माझ्यापेक्षा त्याच जास्त बोलतात. एका लेकराची माय तर फडावरून रात्री कोपीतून, म्हणजे झोपडीतून व्हिडिओ कॉल करून आधी विचारती, कागद लावला का.

त्या पोरीला मी पुन्हा अक्षरापासून घेतलं, रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास. पहिले पंधरा दिवस ती माझ्यावर रुसलेली होती, तिचा पहिला नंबर मी काढून घेतला ना.

जानेवारीच्या सभेला आजी आल्या, पुढंच बसल्या. मी विचारायच्या आधीच म्हणल्या, "गुरुजी, काल परत लाईट गेली. पोरगी थांबली. म्हनली, आजे, दिसंना, मोबाईलची बॅटरी लाव."

प्रोसिडिंगमध्ये ते वाक्य मी त्यांच्याच शब्दात उतरवलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि त्याखाली त्यांनी अंगठा दिला.