क्यू हातात, यू गायब : तिसऱ्या महिन्याची नोंद

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की स्क्रॅबलच्या (अक्षरांच्या टाइल पटावर मांडून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ) दोन अक्षरी शब्दांची यादी पी-पर्यंत पाठ झाली. त्यानंतरचे तीन डाव मी क्यू हातात धरून हरलो. पी-पुढचं अक्षर क्यू, हा योगायोग ज्याला हसायचंय त्याने हसून घ्यावं.

न खेळलेला क्यू शेवटी चांगलाच महागात पडतो. आपले दहा गुण वजा होतात आणि ज्याने आधी टाइल संपवल्या त्याला तेच दहा मिळतात, म्हणजे वीसचा फरक. इंग्रजीत क्यूच्या पुढे बहुधा यू लागतो, आणि शंभर टाइलमध्ये यू चारच. त्यांची वाट बघत बसणं सोडलं आणि हा महिना यूशिवायच्या क्यूला दिला.

शब्दांची साधी टेक्स्ट फाइल घेतली, एका ओळीत एक शब्द, आणि चाळण लावली : क्यू आहे पण यू नाही. काट, काईद, फकीर, निकाब, कव्वाली असे शब्द भराभर आले. आपल्या रोजच्या कानावरचे शब्द इंग्रजीत क्यू लावून बसलेत हे बघून मजा वाटली. पण बुरखा कुठे गेला? त्याचं इंग्रजी स्पेलिंग बी-यू-आर-क्यू-ए. यू आहे, फक्त क्यूच्या पुढे नाही, मागे आहे. माझ्या चाळणीने त्यालाही वगळलं होतं.

मग चाळण बदलली : क्यू, आणि त्याच्या पुढे यू सोडून कोणतंही अक्षर. बुरखा आला, तर तलाक गेला! अर्धा तास डोकं खाजवलं तेव्हा उमगलं. ‘यू सोडून कोणतंही अक्षर’ म्हटलं की पुढे एक तरी अक्षर असावंच लागतं. टी-ए-एल-ए-क्यू या शब्दात क्यूनंतर काहीच नाही. ट्रँक हा शब्दही (शेवटी के नव्हे, क्यू) त्याच कारणाने गळाला. इन्युइटांच्या होडीचा उमिअ‍ॅक तर दोन्ही चाळणींतून निसटला, कारण त्याच्या सुरुवातीला यू आणि शेवटी क्यू. आता अट अशी आहे : क्यूनंतर एकतर यू सोडून दुसरं अक्षर, नाहीतर शब्दाचा शेवट. तुमची यादी अशाच पद्धतीने काढलेली असेल तर त्यात तलाक आहे का ते आधी बघा. पहिली चाळण मात्र मी पुसलेली नाही. रॅकवर (आपल्या टाइल ठेवायच्या पट्टीवर) आणि पटावरच्या सोयीच्या जागी यू नसेल, तेव्हा बुरखा माहीत असून उपयोग शून्य.

या सगळ्यात खरी खोट कळली ती माझ्या शोधण्याच्या सवयीत. मी शब्द कानाने शोधतो. रॅकवरची अक्षरं मनात उच्चारायची आणि ओळखीचं काही ऐकू येतंय का ते बघायचं. देवनागरीत वाढलेल्या माणसाला हे आपसूक येतं, कारण आपलं लिहिणं बरंचसं उच्चाराच्या मागोमाग चालतं. इंग्रजी तसं वागत नाही. क्यू-आय हा क्यूचा सगळ्यात कामाचा शब्द, चिनी विचारातली प्राणशक्ती, आणि उच्चार ‘ची’. ‘क’ आणि ‘क्व’ घोळवत बसलेल्याला तो सापडणार कसा? वेल्शमधून आलेला सी-डब्ल्यू-एम घ्या. ऐकू येतो ‘कूम’, पण ‘ऊ’चं काम करतोय डब्ल्यू. स्वर एकही हाती नसताना मोठाच आधार.

म्हणून आता अल्फाग्राम करतो, म्हणजे अक्षरं वर्णानुक्रमे लावून घेतो. ए-ई-आय-एन-आर-एस-टी. यातून नॅस्टिअर, रिटेन्स, रेटिनाज, स्टेनर, स्टिअरिन निघतात. सातही टाइल एकदम लागल्या की वर पन्नास गुण. कानाला या शब्दांचं एकमेकांशी काही नातं लागत नाही. लिसन आणि सायलेंट ही जोडी तर मला सगळ्यात आवडते. सहाही अक्षरं तीच, पण एकात टी गप्प आणि दुसऱ्यात शेवटी ठणठणीत.

रोज वीस अल्फाग्राम, कागदावर, तोंड मिटून. तोंड मिटूनच, कारण पुटपुटलं की कान पुन्हा मध्ये लुडबुडतो. पहिल्या आठवड्यात वीसपैकी सहा सुटले, काल तेरा. वेळ लावलेली नाही. घड्याळ समोर आलं की मी थेट एस जोडून अनेकवचन करायला धावतो.

वर्डलवर, म्हणजे पाच अक्षरी शब्द ओळखायच्या रोजच्या कोड्यावर, फारसा परिणाम दिसला नाही. तिथे अक्षराइतकीच जागाही महत्त्वाची, आणि अल्फाग्राम जागा पुसून टाकतो. उलट दोनदा पिवळं अक्षर (शब्दात आहे, पण या घरात नाही) पुन्हा त्याच घरात टाकून बसलो.

दोन अक्षरी यादी पुढे सरकली आहे. व्हीने काम हलकं केलं, कारण त्याचा दोन अक्षरी शब्द उत्तर अमेरिकेच्या यादीतही नाही आणि कॉलिन्स या दुसऱ्या अधिकृत यादीतही नाही. सी-एच मात्र कॉलिन्समध्ये चालतो, उत्तर अमेरिकेच्या यादीत नाही, तेव्हा डावाआधी यादी कोणती ते विचारून घ्या. सध्या एक्स चालू आहे. अ‍ॅक्स, एक्स, ऑक्स सरळ आहेत, ग्रीक अक्षराचा एक्स-आयही बसला. एक्स-यू अजून दर वेळी विसरतो. व्हिएतनामी नाणं ते, आणि उच्चार ‘सू’.