मुखकर्करोग जनजागृती मोहीम: नाशिकमधल्या आठ आठवड्यांचा अनुभव

जनसंपर्काच्या प्रात्यक्षिकासाठी आम्ही बारा विद्यार्थ्यांनी ४ फेब्रुवारीचा जागतिक कर्करोग दिन धरून मोहीम आखली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कामाला लागलो. पुढच्या वर्षी दुसरं एखादं कॉलेज हे करणार असेल, तर त्यांच्या हाताशी असावं म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

'कॅन्सर' असा मोघम विषय घेऊ नका, एकच कॅन्सर घ्या. आम्ही तोंडाचा घेतला. भारतातल्या पुरुषांमध्ये तो सर्वांत जास्त आढळतो, डोळ्यांना दिसतो, आणि प्राथमिक तपासणीला टॉर्च आणि छोटा आरसा पुरतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण तंबाखू-चुना, मावा, मिशेरी चालूच आहे. 'मी फक्त सुपारी खातो' म्हणणारे स्वतःला सुरक्षित समजतात. तंबाखू नसली तरी सुपारी कर्करोगकारक आहे, हे त्यांना सांगावंच लागतं.

पहिले दोन आठवडे फक्त प्रश्न विचारण्यात घालवले: सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), सातपूर एमआयडीसी, पंचवटीतली बाजार समिती. हा वेळ अजिबात वाचवू नका, कारण लोकांचे शब्द इथेच मिळतात. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला बायका 'नाही' म्हणतात. 'दात कशाने घासता?' विचारलं की मिशेरी बाहेर येते, कारण ती त्यांच्या लेखी तंबाखू नसतेच. तसंच 'तोंडात व्रण' असं कोणी म्हणत नाही. लोक म्हणतात 'तोंड आलंय', आणि मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेऊन महिनोन्‌महिने काढतात. म्हणून आमचं मुख्य वाक्य ठरलं: 'तोंड आलंय? पंधरा दिवसांत बरं झालं नाही, तर दाखवून या.' त्याखाली तीन खुणा दिल्या: पांढरा किंवा लाल चट्टा, मिसळ-भाकरीचं तिखटही सोसेनासं होणं, आणि आपलीच तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये न मावणं. प्रत्येक ओळ छापण्याआधी दंतवैद्यांकडून तपासून घेतली. तुम्हीही घ्या. चुकीचं एक लक्षण छापलं गेलं तर दुरुस्तीपत्रक कोणी वाचत नाही.

लोकांना बोलावण्याआधी तपासणीला कुठल्या रुग्णालयात जायचं ते पक्कं करा: कोणता वार, ओपीडीची वेळ, खोली क्रमांक, केसपेपर कुठे काढायचा. रुग्णालयाला प्राचार्यांच्या सहीचं पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसेल तर पुढच्या फेरीत पत्रच सापडत नाही आणि आठवडा जातो. पथनाट्य आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाणे, फलकांसाठी महापालिकेचं विभागीय कार्यालय, बसस्थानकासाठी आगारप्रमुख, बाजारासाठी समितीचे सचिव अशी चार वेगवेगळी पत्रं लागतात. दहा दिवस आधी द्या.

भीतीदायक फोटो आम्ही वापरले नाहीत. तंबाखूच्या पुडीवर २०१६ पासून ८५ टक्के जागेत इशारा असतो, लोकांची नजर त्याला सरावली आहे. त्याऐवजी सलून गाठले. पुरुष तिथे वीस मिनिटं आरशासमोर बसतो, दिवाही चांगला असतो. चार इंची कागदावर छापलं: 'आरशासमोर आहातच, तोंड उघडून बघा. जिभेखाली, गालाच्या आत.' आधी गोंदाचे स्टिकर केले होते. काचेला डाग पडतो म्हणून दुकानदार नको म्हणाले. मग साधा कागद कोपऱ्यात पारदर्शक टेपने लावला, त्याला कोणी हरकत घेतली नाही. सगळ्या मोहिमेत सर्वांत कमी खर्च यावर झाला आणि माझ्या मते सर्वांत योग्य माणसापर्यंत हेच पोचलं.

पथनाट्य नऊ मिनिटांचं ठेवा. कारखान्याच्या गेटवर पाळी सुटताना करू नका. सुटलेला कामगार बस पकडायला धावतो. पुढच्या पाळीचे लोक पंधरा-वीस मिनिटं आधी येऊन थांबतात, तेच खरे प्रेक्षक. दवाखाना-शाळेपासून १०० मीटरच्या आत ध्वनिक्षेपक चालत नाही. हलगी आणि मोकळा आवाज पुरतो.

बातमीचं पत्रक दोनशे शब्दांचं. पहिल्या वाक्यात वार, वेळ, ठिकाण आणि 'मोफत'. पाहुण्यांची नावं शेवटी. आमच्या पहिल्या मसुद्यात नावंच आधी होती, तेव्हा तपासणीची वेळच छापून आली नाही. मजकूर युनिकोडमध्ये पाठवा, पीडीएफ किंवा फोटो करून पाठवला तर उपसंपादकाला पुन्हा टाइप करावा लागतो आणि चुका शिरतात. छायाचित्र व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून टाका, नाहीतर फुटतं. रुग्णाचा चेहरा मात्र लेखी संमतीशिवाय कुठेही नको.

प्रत्येक ठिकाणी एक शंका येतेच: 'तुकडा काढला की पसरतो म्हणे.' याचं उत्तर सगळ्यांना पाठ हवं: तुकडा तपासल्याशिवाय (म्हणजे बायॉप्सीशिवाय) निदान होत नाही, आणि त्याने आजार पसरत नाही. उत्तर देताना कोणी अडखळलं, तर शंका पक्की होते. तंबाखू सोडायचीय म्हणणाऱ्याला १८००-११२-३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक तिथल्या तिथे लावून द्या.

सर्वांत मोठी चूक पत्रकांची झाली. सुरुवातीला आम्ही दोन हजार पत्रकं वाटली, त्यातली कित्येक बाजारातच पायाखाली होती. नंतर तपासणीला पाठवण्यासाठी दोन भागांची चिठ्ठी केली: एक भाग माणसाकडे, दुसरा आमच्याकडे, वर फक्त क्रमांक आणि त्याच्या परवानगीने फोन. तरीही जानेवारीत लोक ओपीडीत पोचेनात. द्राक्षांची काढणी सुरू असते, दिंडोरीच्या बागांकडे जाणाऱ्या मजूर बाईची ओपीडीला आली तर दिवसाची हजेरी बुडते. मग दंतवैद्यांनाच सकाळी सहाला, मजुरांच्या गाड्या सुटतात तिथे नेलं. दोन खुर्च्या, हेडटॉर्च, लाकडी पट्ट्या, प्रत्येकासाठी नवे हातमोजे, पडद्याला चादर. माणशी चार मिनिटं लागतात, म्हणजे दोन डॉक्टर तासाला तीसच तोंडं बघतात. तेवढीच नावं घ्या. दीडशे जमवले तर शेवटच्यांची तपासणी घाईत होते.

४ फेब्रुवारीला कार्यक्रम झाला, पण मोहीम तिथे थांबवू नका. ज्यांना पुढे पाठवलं त्यांना तिसऱ्या, दहाव्या आणि एकविसाव्या दिवशी फोन करायचा: गेलात का, काय सांगितलं, पुढची तारीख कधी. उपचार लागणार असतील तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या मदतनीसाला) भेटा, हे त्याच फोनवर सांगा. हे काम दोघांकडेच द्या आणि वही एकच ठेवा.